उपचार समुदाय

उपचार समुदाय ही मानसिक आजार, व्यक्तिमत्त्व विकार किंवा व्यसनाधीनता असलेल्या व्यक्तींच्या निवासी उपचारांची एक पद्धत आहे. समूहातील दैनंदिन सहजीवन हेच या पद्धतीत उपचाराचे मुख्य साधन मानले जाते. पारंपरिक मनोरुग्णालयात डॉक्टर निर्णय घेतात व रुग्ण ते पाळतात. उपचार समुदायात मात्र स्वयंपाक, स्वच्छता, नियम ठरवणे व तंटे मिटवणे या सर्वांत निवासींचा वाटा असतो. सुधारलेल्या व्यक्तीने नवागताला आधार देणे हा तिच्या स्वतःच्या उपचाराचाही भाग समजला जातो.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात मनोविकारग्रस्त सैनिकांवर सामूहिक उपचारांचे प्रयोग झाले. तेथे काम केलेले मनोविकारतज्ज्ञ टॉम मेन यांनी १९४६ मध्ये या पद्धतीला हे नाव दिले. मॅक्सवेल जोन्स यांनी बेलमाँट रुग्णालयात (पुढील नाव हेंडरसन रुग्णालय) ती विकसित केली. या रुग्णालयाचा अभ्यास करून रॉबर्ट रॅपोपोर्ट यांनी १९६० मध्ये चार तत्त्वे मांडली: लोकशाही कारभार, वेगळ्या वर्तनाबद्दल सहिष्णुता, सामुदायिकता आणि वास्तवाचे भान. आपल्या वागण्याचा परिणाम सहनिवासींकडून स्पष्टपणे ऐकणे, असा चौथ्या तत्त्वाचा अर्थ आहे. १९६५ मध्ये आर. डी. लैंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधील किंग्जले हॉल येथे रुग्ण व उपचारक असा भेद न मानणारे निवासस्थान चालवले. ते १९७० मध्ये बंद झाले.

महाराष्ट्रात या पद्धतीचे परिचित उदाहरण व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील आहे. डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठरलेली दिनचर्या, समूहचर्चा आणि व्यसनमुक्त झालेल्या कार्यकर्त्यांचा सहभाग यांना महत्त्व आहे.

अहिल्यानगर जिल्हा

राज्य शासनाची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात तसे रुग्णालय नव्हते. रुग्णालयाबाहेर मनोविकारग्रस्तांना सांभाळण्याचे दोन वेगवेगळे प्रयत्न मात्र या जिल्ह्यात झाले.

पहिला प्रयत्न धार्मिक प्रेरणेचा होता. मेहेरबाबांनी १९३६ मध्ये राहुरी येथे वेड्यांसाठी आश्रम उघडला. त्या आश्रमात ते स्वतः रहिवाशांना स्नान व जेवण घालत. सामान्य मनोविकारग्रस्त आणि ईश्वरप्रेमात देहभान हरपलेले ‘मस्त’ असा फरक ते करीत. या कार्याची नोंद विल्यम डॉन्किन यांच्या १९४८ मधील ‘द वेफेअरर्स’ या इंग्रजी ग्रंथात आहे. तेथे वैद्यकीय उपचारांचा दावा नव्हता. कारभारात रहिवाशांचा सहभाग हेही त्या आश्रमाचे उद्दिष्ट नव्हते.

दुसरा प्रयत्न माऊली सेवा प्रतिष्ठानचा आहे. डॉ. राजेंद्र धामणे व डॉ. सुचेता धामणे या दाम्पत्याने आरंभी रस्त्यावरच्या निराधारांना जेवण पुरवले. पुढे नगर–मनमाड रस्त्यावरील शिंगवे येथे त्यांनी बेघर, मनोविकारग्रस्त स्त्रियांसाठी निवारा उभारला. या स्त्रियांच्या मुलांनाही तेथे आसरा मिळतो. येथे मनोविकारांवरील औषधोपचार वगळलेले नाहीत. सहजीवन त्यांना पूरक ठरते. मात्र काटेकोर अर्थाने हा उपचार समुदाय नाही. उपचार समुदायात प्रवेश स्वेच्छेने व ठरावीक मुदतीसाठी असतो. रस्त्यावरून आलेल्या स्त्रीला प्रथम सुरक्षितता हवी असते आणि बरे वाटू लागल्यावरही अनेकदा परतायला घर नसते.

कायदा

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम १९ नुसार मनोविकारग्रस्त व्यक्तीला समाजात राहण्याचा अधिकार आहे. केवळ कुटुंब स्वीकारत नाही किंवा समाजात सोयी नाहीत, या कारणाने तिला संस्थेत ठेवता येत नाही. कलम ९५ ने साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले होते. कलम १०० नुसार निराधार भटकणाऱ्या मनोविकारग्रस्त व्यक्तीला संरक्षण देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे.

मर्यादा

तीव्र मनोविकृतीच्या अवस्थेत केवळ सामूहिक जीवन पुरेसे नसते; औषधोपचार आवश्यक ठरतात. निवासी बहुधा स्वेच्छेने दाखल होत असल्यामुळे पद्धतीच्या परिणामकारकतेची तुलना अवघड जाते. समूहाची सत्ता एका व्यक्तीच्या हाती गेल्यास उपचारांचे रूपांतर दडपशाहीत होऊ शकते. अमेरिकेत १९५८ मध्ये व्यसनमुक्तीसाठी सुरू झालेली सिनॅनॉन ही संस्था पुढे हिंसक पंथासारखी झाली. त्यामुळे निवासींची संमती, बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य आणि बाह्य देखरेख या अशा संस्थांसाठी अत्यावश्यक अटी मानल्या जातात.