शिवराई होनाची कुळकथा

सुरतेहून मुंबईच्या रेल्वेमार्गाने दक्षिणेला निघाले की उधना, भेस्तान आणि मग सचिन लागते. १७९१ साली पेशव्यांशी झालेल्या करारातून जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याच्या एका शाखेला इथले संस्थान मिळाले. त्याच्या सव्वाशे वर्षे आधी, जानेवारी १६६४ मध्ये, शिवाजी महाराज गणदेवीकडून याच पट्ट्यातून सुरतेवर चालून गेले. सुरतेत मोगलांची टांकसाळ होती. फारसी अक्षरांचा, ११ ग्रॅमहून अधिक वजनाचा चांदीचा रुपया तिथे पडत असे, आणि तो साऱ्या हिंदुस्थानात चाले. तरी १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा महाराजांनी सोन्याचे नाणे पाडले ते मोगली मोहरेच्या वळणाचे नव्हे. त्यांनी होन पाडला, आणि होनाचे कूळ दक्षिणेचे.

हे नाणे विजयनगरच्याही आधीचे. बदामीच्या चालुक्यांचे राजचिन्ह वराह. त्यावरूनच दक्षिणेतल्या सोन्याच्या नाण्याला वराह हे नाव पडले असे मानतात. १३३६ मध्ये विजयनगर उभे राहिले आणि या नाण्याला भक्कम घर मिळाले. वजन सुमारे ३.४ ग्रॅम, आकार बोटाच्या पेराएवढा. त्याच्या निम्म्याचा प्रताप, आणि त्याहून बारीक, नखावर मावणारा फणम. १४४३ मध्ये विजयनगरला आलेल्या अब्दुर रझाकने या तिन्हींची नोंद करून ठेवली आहे. कृष्णदेवरायाच्या वराहावर एका बाजूला बसलेला बाळकृष्ण, तर दुसऱ्या बाजूला तीन ओळींत नागरीत ‘श्री प्रताप कृष्णराय’. या तीन ओळी ध्यानात ठेवाव्यात.

१५६५ मध्ये राक्षसतागडीच्या लढाईनंतर विजयनगरची राजधानी उद्ध्वस्त झाली, पण तिचा होन चालत राहिला. इक्केरीच्या नायकांनी तो पाडला, पुढे मद्रासच्या इंग्रजांनीही. लोकांचा विश्वास राजावर जितका, त्याहून जास्त त्या सोन्यावर होता. शहाजीराजांची जहागीर बंगळुरास होती, त्यामुळे भोसल्यांच्या घरात हा होन अनोळखी नव्हता. सभासद बखरीत महाराजांच्या खजिन्याची यादी आहे. तीत देवराई, अच्युतराई, रामचंद्रराई अशी होनांची नावे येतात. विजयनगरच्या राजांची नावे मराठी खजिन्याच्या हिशेबात अशी नांदत होती. मला ही यादी बखरीतल्या कित्येक लढायांइतकीच मोलाची वाटते.

राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता. महाराजांची सोन्याने तुला झाली, तिचा आकडा त्याने सुमारे १६ हजार होन लिहिला आहे. इंग्रजांनी आपली नाणी स्वराज्यात चालावीत असे कलमही तहात मागितले. त्यावर मिळालेले उत्तर रोखठोक होते: कोणाच्या नाण्याला बंदी नाही, पण रयतेला तोटा होईल असे नाणे घेण्याची सक्ती आम्ही करणार नाही, तुमचे नाणे वजनाने आणि कसाने मोगलांच्या तोडीचे असेल तर खुशाल चालवा. नाणे म्हणजे काय हे ज्याला नेमके कळले होते, त्याचेच हे उत्तर.

शिवराई होनाच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ अशा तीन ओळी, दुसरीकडे ‘छत्रपति’ दोन ओळींत, कडेने ठिपक्यांची माळ. वजन ३ ग्रॅमच्या आत. देवाची मूर्ती नाही, दोन्ही बाजूंना अक्षरेच. पण ती तीन ओळींची नागरी मांडणी पाहिली की डोळ्यांपुढे कृष्णदेवराय येतो. तांब्याच्या शिवराईवरही हीच अक्षरे आहेत. ती शिवराई पेशवाईभर आणि नंतरही लोकांच्या हातात खेळली. होन मात्र थोडकेच उरले. बाकीचे सोनाराच्या मुशीत गेले असणार.

म्हणून विनंती एवढीच. सुरत-सचिनच्या मराठी वस्त्यांत काय किंवा कोकणातल्या वाड्यांत काय, आजीच्या पेटीत असे एखादे जुने नाणे निघाले, तर ते चिंचेने घासू नका आणि मोडीत घालू नका. आधी नाण्यांच्या जाणकाराला किंवा जवळच्या वस्तुसंग्रहालयात दाखवा.