सेनाधिकारी आणि शिपाईगिरीचा पहिला धडा

आपल्या ज्ञातीतील तरुण आता सैन्यात अधिकारी होण्याची आकांक्षा बाळगू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ च्या जानेवारीत रीतसर सुरू झाली आणि २०२२ पासून तिचे दरवाजे मुलींसही उघडले गेले. त्यामुळे घरोघरी या विषयाची चर्चा होते. त्या चर्चेत वडीलधाऱ्यांच्या तोंडून एक प्रश्न वारंवार आमच्या कानी येतो. ज्या मुलाने शिपाई म्हणून बंदूक कधी खांद्यावर घेतली नाही, त्याने वीस वर्षे चाकरी केलेल्या सुभेदारास हुकूम द्यावा, हे योग्य आहे काय? अधिकाऱ्यानेही प्रथम शिपायाचेच प्राथमिक शिक्षण पुरे करावे, असा नियम का असू नये? प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याची मुळे इतिहासात खोल गेलेली आहेत.

शिवछत्रपतींच्या पायदळात नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी अधिकाराची चढती श्रेणी होती, हे सभासदाच्या बखरीवरून कळते. त्यांपैकी नाईक व हवालदार ही नावे आजही आपल्या सेनेत नांदत आहेत. अधिकाराच्या या पायऱ्या एकाच शिडीच्या होत्या. कंपनी सरकारच्या अमदानीत मात्र शिड्या दोन झाल्या. एतद्देशीय शिपाई वाढत वाढत जमादार, सुभेदार होई आणि तेथे त्याची वाट खुंटे. कालच बोटीतून उतरलेला गोरा पोरसवदा एन्साइनही दर्जाने त्या सुभेदाराहून वरचा ठरे. पुढे व्हाइसरॉयची सनद आणि राजाची सनद असे या भेदाचे नामकरण झाले. भेद तोच राहिला.

राजाच्या सनदेचा मार्ग हिंदी लोकांस १९१७ च्या घोषणेनंतर मोकळा झाला. १९१८ पासून इंग्लंडातील सँडहर्स्टच्या विद्यालयात वर्षास दहा जागा हिंदी उमेदवारांसाठी राखल्या गेल्या. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांच्यासारखे मराठी सेनानी याच वाटेने पुढे आले. परंतु एवढ्या खंडप्राय देशास दहा जागा म्हणजे दर्यामे खसखस! अखेर १९३२ च्या ऑक्टोबरात डेहराडूनची सैनिकी अकादमी सुरू झाली.

या अकादमीची पहिली तुकडी आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. तीत चाळीस छात्र होते. काही खुल्या परीक्षेतून आलेले, काही पलटणींतील जवानांतून निवडलेले, तर काही संस्थानी फौजांतून पाठविलेले होते. परीक्षा देऊन आलेल्यांत सॅम माणेकशा होते. ते १९६९ मध्ये भारताचे सरसेनापती झाले व १९७३ मध्ये फील्ड मार्शल. त्याच तुकडीतील महंमद मूसा हे १९२६ साली साधे शिपाई म्हणून भरती झाले होते. ते १९५८ मध्ये पाकिस्तानचे सेनापती झाले. तिसरे स्मिथ डन हेही शिपाईगिरीतूनच वर आले आणि १९४८ मध्ये ब्रह्मदेशाच्या सेनेचे प्रमुख झाले. एका तुकडीतून तीन देशांचे सेनापती निघाले. त्यांतील दोघांनी शिपाईगिरी केली होती, एकाने केली नव्हती. तेव्हा शिपायाच्या बराकीत राहिल्याखेरीज थोर सेनानी होताच येत नाही, असे इतिहास सांगत नाही, हे प्रथमच कबूल केले पाहिजे.

आता इतर देशांकडे पाहू. स्वित्झर्लंडमध्ये अधिकारी होऊ इच्छिणारा तरुण प्रथम रंगरुटांच्या शाळेतच जातो. इस्रायलमध्येही बहुतेक अधिकारी सक्तीच्या सेवेत आलेल्या शिपायांतूनच निवडले जातात. ब्रिटनमध्ये १९४९ ते १९६० या काळात जे तरुण सक्तीने बोलावले गेले, त्यांतील भावी अधिकाऱ्यांसही आरंभीची कवायत इतरांबरोबरच करावी लागे. अर्थात या तिन्ही ठिकाणी भरती सक्तीची. श्रीमंताचा मुलगा व मजुराचा मुलगा एकाच दिवशी एकाच दारातून आत येतो, म्हणून ही पद्धती तेथे सहज रुजली.

आपल्याकडे सैन्य स्वेच्छेचे आहे. जवान बेळगावसारख्या पलटणीच्या केंद्रात घडतो आणि अधिकारी खडकवासला, डेहराडून वा चेन्नई येथे. पहिल्या दिवसापासूनच दोघांचे दार निराळे. यावर जाणते लोक म्हणतात की, छात्रासही बंदूक, कवायत, दौड, खंदक हे सारे शिकावेच लागते. त्याचा कवायतीचा उस्ताद हवालदार वा सुभेदारच असतो. शिवाय नकाशा, युद्धेतिहास, कायदा, कारभार असा पुष्कळ अभ्यास त्यास असतो, मग एकच धडा दोनदा कशाला? हा आक्षेप खोटा नाही. कौशल्यापुरते पाहिले तर छात्रास काही कमी पडत नाही.

तथापि एक गोष्ट अकादमीत शिकविता येत नाही. छात्र घाम गाळतो, शिक्षा भोगतो. पण आपण उद्याचे अधिकारी आहोत, हे त्यास ठाऊक असते आणि त्याच्या उस्तादासही ठाऊक असते. रंगरुटास असा उद्याचा आधार नसतो. चुकीचा हुकूम निमूटपणे पाळताना काय वाटते, नाईकाच्या एका चांगल्या शब्दाने दिवस कसा सुधारतो, घरची चिठ्ठी वेळेवर न आल्यास मन कसे खचते, हे बराकीतल्या खाटेवरूनच कळते. आपल्या देशात तर शिक्षण, भाषा व घरची परिस्थिती यांचे अंतर अधिकारी व जवान यांत बहुधा आधीच पडलेले असते. म्हणून हा अनुभव येथे अधिकच हवा.

यास्तव आमचे मत असे की, थेट निवडलेल्या प्रत्येक छात्राने आरंभीचे काही आठवडे पलटणीच्या केंद्रात रंगरुटांबरोबर, त्यांच्याच पंगतीत व त्यांच्याच नाईकाच्या हाताखाली काढावे. नंतर खुशाल अकादमीत जावे. त्याचबरोबर जवानांतून अधिकारी घडविणारे डेहराडूनचे आर्मी कॅडेट कॉलेज अधिक विस्तारावे. पहिल्या उपायाने वरचा खाली उतरून पाहील, दुसऱ्याने खालचा वर चढेल, आणि दोन शिड्यांची पुन्हा एक शिडी होऊ लागेल.

ज्ञातिबांधवांस शेवटी एवढीच विनंती. आपला मुलगा वा मुलगी अधिकारी झाली की आपण पेढे वाटतो. ते अवश्य वाटावे. परंतु शेजारच्या आळीतील मुलगा जवान म्हणून भरती झाला तर त्याच्याही घरी पेढे घेऊन जावे. रणांगणावर दोघांस एकाच खंदकात उभे राहावयाचे आहे. तेथे ज्याचा हुकूम चालतो आणि जो तो पाळतो, त्या दोघांची ओळख आधीच झालेली असेल, तर राष्ट्राचे कल्याणच होईल.