कासवाच्या काचेच्या टाकीची स्वच्छता

कासवाच्या काचेच्या टाकीची स्वच्छता म्हणजे घरात पाळलेल्या जलचर कासवाच्या टाकीतील पाणी, काच, तळ, गाळणयंत्र आणि ऊन शेकण्याचा मंच यांची नियमित साफसफाई होय. कासवाचे आरोग्य, घरातील माणसांचे आरोग्य आणि परिसरातील नद्यांचे जीवन या तिन्ही गोष्टी तिच्याशी निगडित आहेत. पिंपरी-चिंचवड, चाकण यांसारख्या औद्योगिक पट्ट्यातील सदनिकांमध्ये जागा मर्यादित असते, पाणी साठवून वापरावे लागते आणि पाण्याचे स्रोतही वेगवेगळे असतात. त्यामुळे तेथे या कामाला काही स्थानिक वैशिष्ट्ये प्राप्त होतात.

पाळली जाणारी जात व कायदा

भारतात घरगुती टाक्यांमध्ये प्रामुख्याने लाल कानाचे कासव (ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलेगन्स) आढळते. ते मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील आहे. विक्रीच्या वेळी रुपयाच्या नाण्याहून थोडेसे मोठे असणारे हे पिल्लू पुढे २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते व योग्य निगा राखल्यास वीस वर्षांहून अधिक जगते. भारतीय कासवांची गोष्ट वेगळी आहे. तारांकित कासव किंवा नद्या-तळ्यांतील मऊ पाठीचे कासव (लिसेमिस पंक्टाटा) यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून ती घरात बाळगणे हा गुन्हा आहे.

टाकी अस्वच्छ होण्याची कारणे

कासव पाण्यातच खाते व पाण्यातच उत्सर्जन करते. म्हणून त्याची टाकी माशांच्या टाकीपेक्षा लवकर घाण होते. विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो. गाळणयंत्रातील स्पंजावर वाढणारे जिवाणू अमोनियाचे रूपांतर आधी नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये करतात. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत असले तरी त्यात अमोनिया असू शकतो. त्याने कासवाचे डोळे सुजतात, त्वचा व कवच यांना संसर्ग होतो. जास्त तापमानात अमोनियाची विषारीता वाढते. म्हणून उन्हाळ्यात पाणी अधिक वेळा बदलावे लागते.

माणसांना असणारा धोका

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. त्यांच्यामुळे माणसाला ताप, जुलाब व पोटदुखी होते. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती यांच्या बाबतीत हा आजार गंभीर ठरू शकतो. याच कारणामुळे अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा (सुमारे १० सेंटिमीटर) लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. कारण लहान मुले अशी कासवे सहज हाताळतात व तोंडातही घालतात. यावरून पुढील पथ्ये रूढ झाली आहेत :

* टाकी किंवा तिचे भाग स्वयंपाकघरातील ओट्यावर वा भांडी घासण्याच्या जागी धुऊ नयेत.
* या कामाची बादली, घासणी व नळी स्वतंत्र ठेवावीत.
* नळीतून पाणी काढताना तोंडाने ओढू नये. नळी पाण्याने भरून किंवा हातपंपाने प्रवाह सुरू करावा.
* हातमोजे वापरावेत व काम संपल्यावर साबणाने किमान वीस सेकंद हात धुवावेत.
* घाण पाणी शौचालयात ओतावे व ती जागा जंतुनाशकाने स्वच्छ करावी.
* लहान मुलांना या कामात घेऊ नये.

सफाईची पद्धत

प्रथम तापक, गाळणयंत्र आणि दिवे यांचा वीजपुरवठा बंद करून जोडण्या काढतात. चालू तापक पाण्याबाहेर आला तर त्याची काच तडकते; म्हणून बंद केल्यावर तो सुमारे पंधरा मिनिटे पाण्यातच निवू देतात. कासवाला झाकणाला छिद्रे असलेल्या वेगळ्या टबात ठेवतात.

आठवड्यातून एकदा साधारण एक चतुर्थांश ते निम्मे पाणी बदलतात, तळाचा गाळ नळीने ओढून काढतात व काचेवरील शेवाळ खरवडतात. गाळणयंत्राचा स्पंज नळाखाली धुतल्यास क्लोरीनमुळे उपयुक्त जिवाणू मरतात. म्हणून तो टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळून घेतात.

संपूर्ण सफाईच्या वेळी टाकी रिकामी केल्याखेरीज उचलू नये. ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरच्या टाकीत सुमारे १८० लिटर, म्हणजेच १८० किलो पाणी मावते. भरलेली टाकी हलवल्यास सिलिकॉनचे सांधे सुटतात. काचेवर एकदम उकळते पाणी ओतल्यानेही ती तडकते. साबण व भांड्यांची पावडर यांचा अंश मागे राहतो, म्हणून ती टाळतात. क्षारांचे पांढरे डाग पांढऱ्या व्हिनेगरने निघतात.

निर्जंतुकीकरणासाठी एक भाग घरगुती ब्लीच व सुमारे तीस भाग पाणी असे मिश्रण दहा मिनिटे ठेवून वास जाईपर्यंत टाकी धुतात. त्याआधी सर्व विष्ठा व गाळ काढणे आवश्यक असते. कारण ब्लीच व अमोनिया यांच्या संयोगाने विषारी वायू निर्माण होतात. ब्लीच व व्हिनेगर एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो. म्हणून ही दोन द्रव्ये कधीही एका वेळी वापरू नयेत. हे काम खिडकी उघडी ठेवून करावे.

पाण्याची स्थानिक परिस्थिती

पिंपरी-चिंचवड शहराला मुख्यतः पवना धरणाचे पाणी मिळते. ते रावेत येथून उचलून निगडी येथील केंद्रात शुद्ध केले जाते. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात एक दिवसाआड पुरवठा सुरू झाल्याने घरोघरी पाणी साठवले जाते. टाकीच्या दृष्टीने ही साठवण उपयोगी पडते, कारण उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवलेल्या पाण्यातील क्लोरीन बराचसा उडून जातो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेटचे थेंब वापरतात. चाकण परिसरात अनेक ठिकाणी विंधनविहिरीचे किंवा टँकरचे पाणी वापरले जाते. विंधनविहिरीचे पाणी बहुधा जड असल्याने काचेवर व तापकावर क्षार लवकर साचतात. हिवाळ्यात साठवलेले पाणी थंड असते. ते टाकीतील पाण्याच्या तापमानाला, म्हणजे साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअसला, आणूनच घालावे.

नदीत सोडण्याचे दुष्परिणाम

मोठ्या झालेल्या कासवाची वारंवार सफाई जड जाऊ लागली की काही जण ते नदीत वा मंदिराच्या तळ्यात सोडतात. कासव शुभ मानले जात असल्याने या कृतीला पुण्याची भावनाही चिकटते. परंतु लाल कानाचे कासव जगातील शंभर सर्वाधिक उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आहे. ते स्थानिक कासवांचे अन्न व ऊन शेकण्याच्या जागा बळकावते आणि रोगही पसरवू शकते. २०१८ साली गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तलावात ही जात आढळली होती. पवना, इंद्रायणी, मुळा या नद्या आधीच सांडपाण्याने त्रस्त आहेत. त्यांत हे कासव किंवा टाकीचे पाणी सोडू नये. कासव सांभाळणे अशक्य झाल्यास, किंवा देशी कासव कोठे बंदिस्त आढळल्यास, वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवता येते.