तिवीच्या वाफेचा हिशेब

डिसेंबर १९५१ मध्ये फिलिपीन्सच्या कामिगिन बेटावरचा हिबोक-हिबोक ज्वालामुखी फुटला, शेकडो माणसे मेली आणि सरकारला जाग आली. पुढच्याच वर्षी ज्वालामुखींवर नजर ठेवायला एक आयोग नेमला गेला. डोंगर कधी बिघडेल ते वेळेवर सांगायचे, हे त्याचे मुख्य काम. आयोगाची धुरा वाहणारे भूवैज्ञानिक आर्तुरो अल्काराझ यांच्या डोक्यात मात्र आणखीही काही घोळत होते. इटलीत आणि न्यूझीलंडमध्ये जमिनीतल्या वाफेवर वीज तयार होत होती. मग ज्वालामुखींनी भरलेल्या आपल्या देशात का नाही?

प्रयोगासाठी तिवी हे गाव निवडले गेले. लुझोन बेटाच्या आग्नेयेकडे, आल्बाय प्रांतात, मालिनाओ या थंडावलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेले हे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी आधीपासून प्रसिद्ध होते. १२ एप्रिल १९६७ रोजी तिथल्या काले वस्तीत एका बारीकशा कूपनलिकेतल्या वाफेवर लहानसे जनित्र फिरले आणि दिवा लागला. या कामगिरीबद्दल अल्काराझ यांना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दिवा लागणे वेगळे आणि गावेच्या गावे उजळणे वेगळे. विहिरी खणायला लागणारा पैसा आणि यंत्रे सरकारपाशी नव्हती. म्हणून १९७१ मध्ये राष्ट्रीय वीज महामंडळाने अमेरिकेतल्या युनियन ऑइलच्या उपकंपनीशी करार केला. दोन वर्षांत अरबांनी तेलाचे भाव भडकवले. जवळजवळ सगळे तेल बाहेरून आणणाऱ्या देशाच्या तोंडचे पाणी पळाले आणि पायाखालच्या वाफेची किंमत मनिलातल्या मंत्र्यांना कळली. १९७९ मध्ये तिवीचा पहिला संच सुरू झाला. १९८२ पर्यंत सहा संच आणि ३३० मेगावॅट. पुढे लेयते आणि नेग्रोस बेटांवरही विहिरी खणल्या गेल्या आणि भूऔष्णिक विजेत अमेरिकेच्या खालोखाल फिलिपीन्सचे नाव आले.

त्याच तेलसंकटाच्या धसक्याने तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी बातान इथे अणुवीज केंद्रही बांधायला घेतले. दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला. वीज एक युनिटही निघाली नाही, कर्ज मात्र २००७ पर्यंत फेडावे लागले.

पण तिवीला काय मिळाले? नाग्लाग्बोंगचे गरम झरे, ज्यांच्यासाठी लोक तिथे येत, जमिनीखालचे पाणी उपसले गेल्यावर आटले. वाफेबरोबर वर येणारे खारट पाणी पुन्हा जमिनीत सोडायचे असते. सुरुवातीच्या वर्षांत त्यातले बरेच थेट समुद्रात गेले. आणि कर? महामंडळ म्हणे, आम्ही सरकारी, आम्हाला माफी आहे. प्रांत कोर्टात गेला. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९८४ ते १९८७ या वर्षांचा मालमत्ता कर भरायलाच हवा, असा निकाल दिला. रक्कम एकवीस कोटी पेसोंच्या पुढे. तेवढ्यावर भागले नाही. वसूल झालेल्या पैशात तिवी नगरपालिकेचा आणि वस्त्यांचा कायदेशीर वाटा होता, तो प्रांताच्या पुढाऱ्यांनी त्यांच्यापर्यंत पोहोचूच दिला नाही. प्रकरण राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेले आणि गव्हर्नरसह अनेकांवर निलंबनाची कारवाई झाली. कंपनी परदेशी, महामंडळ मनिलाचे. पण तिवीच्या ताटातला घास काढला तो घरच्याच माणसांनी!

याहून मोठी चेष्टा पुढे होती. जुलै २०१३ मध्ये स्थानिक वीज सहकारी संस्थेची अब्जावधी पेसोंची थकबाकी साचल्याने आल्बाय प्रांताचाच वीजपुरवठा तोडण्यात आला. देशाला वाफेची वीज देणारा प्रांत अंधारात बसला.

हे झाले तिवीचे. देशाचे काय? भूऔष्णिक विजेत खरी जोखीम पहिल्या विहिरींची असते. कोट्यवधी खर्चून कोरडे भोक हाती लागू शकते. १९७६ पासून ही जोखीम एका सरकारी कंपनीने उचलली. २००७ मध्ये ती खासगी हाती गेली. त्यानंतर, २००८ चा नवीकरणीय ऊर्जेचा कायदा होऊनही, मोठी नवी क्षेत्रे फारशी उघडली नाहीत. २०१८ मध्ये इंडोनेशियाने फिलिपीन्सला मागे टाकून दुसरा क्रमांक घेतला. आज फिलिपीन्सची निम्म्याहून अधिक वीज कोळशावर तयार होते आणि बाहेरून येणारा बहुतेक कोळसा त्याच इंडोनेशियातून येतो.