डॉक्टर का व्हायचंय? आनंदीबाईंनी १८८३ मध्ये दिलेली उत्तरं



बारावीची मुलं आईवडिलांबरोबर दवाखान्यात आली की कधी कधी विचारतात, "मेडिकलच्या मुलाखतीत काय विचारतात हो?" आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश मुख्यतः नीटच्या गुणांवर होतो. पण पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, मुलाखत असते. परदेशातल्या बऱ्याच कॉलेजांतही असते. तिथे एक प्रश्न हमखास येतो: डॉक्टर का व्हायचंय? "मला लोकांची सेवा करायची आहे" हे पाठ केलेलं उत्तर पुरत नाही.

या प्रश्नाचं फार चांगलं उत्तर आपल्याच भागातल्या एका मुलीने दिलं होतं. जी उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, तिच्याच काठच्या कल्याणच्या जोशी घराण्यातली ही मुलगी. माहेरचं नाव यमुना, जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी तिचं लग्न टपाल खात्यातल्या गोपाळराव जोश्यांशी झालं आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी मुलगा झाला. तो दहाच दिवस जगला.

गोपाळरावांच्या बदल्या होत होत हे जोडपं बंगालमध्ये सेरामपूरला पोहोचलं. आनंदीबाई अमेरिकेला डॉक्टरी शिकायला निघाल्या आहेत, ही बातमी पसरली आणि चहूकडून टीका सुरू झाली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या उभ्या राहिल्या. वयाची अठरा वर्षं पूर्ण व्हायला अजून महिना होता. लोक जे प्रश्न विचारत होते, त्यांतले सहा त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाला इंग्रजीत उत्तर दिलं.

अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात सोय नाही का? एकटी का जाता? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? तिकडे काही संकट आलं तर? आणि जे कुठल्याही बाईने केलं नाही, ते तुम्ही का करावं?

दुसरा प्रश्न अवघड होता, कारण मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश मिळत होता. आनंदीबाईंनी ते लपवलं नाही. तिथलं शिक्षण अपुरं का वाटतं ते सांगितलं, आणि शिकायला बाहेर पडलेल्या बाईला रस्त्यात किती त्रास होतो तेही सांगितलं. एकटी का, याचं उत्तर साधं घरगुती होतं: गोपाळरावांवर आई आणि धाकट्या भावांची जबाबदारी होती, आणि दोघांचा खर्च झेपणारा नव्हता. वाळीत टाकण्याबद्दल त्या म्हणाल्या की मी तिथेही हिंदू म्हणूनच राहणार आहे, मग भीती कसली?

एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच महिन्यात त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. आपण सगळ्या अटी पूर्ण करत नसू, हे त्यात सरळ मान्य केलं आणि आपला विचार वेगळा करावा अशी विनंती केली. का शिकायचंय याचं कारण त्यांनी नेमकं दिलं: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे. कॉलेजने त्यांना प्रवेश दिला.

या उत्तरात "मी किती हुशार" असं काही नाही. कोण दुखण्यात आहे, तिला उपचार का मिळत नाहीत आणि तिथे माझा काय उपयोग, एवढंच आहे. मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी याच तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. अवघड प्रश्न आधीच स्वतःपुढे मांडावेत आणि उणीव असेल तर ती झाकू नये.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम.डी. झाल्या. त्यांचा प्रबंध प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डावर त्यांची नेमणूक ठरली होती, पण काम करायला त्या उरल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयरोगाने त्यांचं निधन झालं. वय होतं २१. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता, पण त्याच्यावर लागू पडणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडलं. आज क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि पूर्ण कोर्स घेतला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या.

आनंदीबाईंनी पत्रात लिहिलेली अडचण अजून पुरती गेलेली नाही. अंगावरून पांढरं जाणं, छातीतली गाठ, लघवीची जळजळ अशा तक्रारी कित्येक जणी संकोचाने महिनोन्‌महिने अंगावर काढतात. ताई, मावशी, असं करू नका. स्त्री डॉक्टर हवी असेल तर तसं मोकळेपणाने सांगा. ती नसेल तर तपासणीच्या वेळी नर्स किंवा घरातली बाई जवळ असावी, असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. मागितलंत म्हणून कुठलाही चांगला डॉक्टर रागावणार नाही.