तय्यबअलींची मुले आणि आपली

दरवर्षी जूनमध्ये कॉलेजात प्रवेश सुरू झाले की एक दृश्य मी हमखास पाहतो. मुलगा खिडकीपाशी उभा असतो आणि फॉर्म अब्बांच्या हातात असतो. शाखा कोणती, असे विचारले तर उत्तर अब्बाच देतात. मुलगी असेल तर सोबत अम्मीही असते, आणि तिचा प्रश्न विषयांचा नसतो. कॉलेज किती वाजता सुटते, एवढाच असतो. आमच्या कोकणात तर बाप आखातात नोकरीला असला की फॉर्म टेलिफोनवरूनच भरला जातो. यात चूक काय, असे कोणी विचारील. मलाही ते चटकन सांगता येत नाही. म्हणून मी एका जुन्या घराकडे वळतो.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत मुल्ला तय्यबअली भाईमियाँ नावाचे एक सुलेमानी बोहरा व्यापारी होते. घराणे मूळचे खंबायतचे. इंग्रजी शिकणे म्हणजे दीन बुडवणे, असा समज समाजात घट्ट होता, त्या काळात या गृहस्थांनी आपले सातही मुलगे शिक्षणासाठी युरोपला पाठवले. एकाला पाठवून लोक काय म्हणतात ते बघू, असे केले नाही. व्यापाऱ्याच्या मुलांनी पेढीवर बसायचे, ही त्या काळची सरळ वाट होती आणि ती मोडायला बापाला कोणतीही अडचण आलेली नव्हती. कारण काय असावे? माझा तर्क असा, की कंपनी सरकारचे राज्य कायद्याच्या कागदावर चालते आणि तो कागद आपल्याला वाचता येत नाही, हे व्यापारात मुरलेल्या माणसाला मौलवी-मुन्शींच्या आधी कळले असणार.

कमरुद्दीन 1858 साली इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. तिथे सनद मिळवणारे ते पहिले हिंदी. त्यांनीच धाकट्या बद्रुद्दीनला बॅरिस्टरीची गोडी लावली. बद्रुद्दीनचा (जन्म 1844) आधी मदरसा, मग एल्फिन्स्टन, मग 1860 च्या सुमारास लंडन, असा प्रवास झाला. पण डोळ्यांनी दगा दिला. 1864 च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला परत यावे लागले. आजच्या घरात अशा वेळी काय होते ते आपण जाणतो. ‘एवढा पैसा घातला, आता दुकानात बस’, हे वाक्य सांगायलाही नको. बद्रुद्दीन मात्र वर्षभराने पुन्हा बोटीत बसले. एप्रिल 1867 मध्ये बॅरिस्टर झाले आणि मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर म्हणून उभे राहिले. पुढे 1887 मध्ये मद्रासच्या काँग्रेसचे अध्यक्ष, 1895 पासून हायकोर्टाचे न्यायमूर्ती. दोघा भावांचा हात लागून 1874 साली अंजुमन-ए-इस्लाम सुरू झाली. तिची इमारत बोरीबंदरसमोर आजही मुले-मुली भरून उभी आहे.

बापाने दिलेला पेशा मुलगा बापाच्या हिशेबाप्रमाणेच वापरतो असे मात्र नाही. याच घराण्यातले अब्बास तय्यबजी लहानपणापासून विलायतेत वाढले, बॅरिस्टर झाले, बडोदा संस्थानच्या न्यायखात्यात सर्वोच्च पदावर गेले. आणि 1930 साली वयाच्या शहात्तराव्या वर्षी मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले!

पण मला अधिक जवळचा वाटतो तो याच गोतावळ्यातला एक पोरका मुलगा, सालिम अली. जन्म 1896. वर्षाचा असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि निपुत्रिक हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात वाढवले. खेळण्यातल्या बंदुकीने पोराने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग! हे पाखरू खायला चालेल का, असा मुसलमान मुलाला पडावा तोच प्रश्न घेऊन तो मामूंकडे धावला. मामू शिकारी होते, तरी त्यांनाही पाखरू ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी लिहून मुलाला बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवले. मला येत नाही, ज्याला येते त्याच्याकडे जा, एवढेच. आपल्यापैकी किती पालक असे कबूल करतात?

पुढची वाट सरळ नव्हती. सालिम कॉलेजात रमला नाही. घराच्या धंद्यापायी ब्रह्मदेशात तवॉयला गेला, तिथेही डोके पाखरांतच. 1917 साली परत आल्यावर व्यापारी कायदा नि हिशेबाचे वर्ग सुरू झाले. घरच्यांची काळजी रास्तच होती. पाखरे बघून पगार कोण देतो? शेवटी सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्याला प्राणिशास्त्राकडे ओढले. 1926 मध्ये म्युझियममध्ये नोकरी लागली, जर्मनीत शिकून 1930 मध्ये परत येतो तो ती जागाच रद्द झालेली. तेव्हा पत्नी तहमिना अलिबागजवळच्या किहीमच्या घरात त्याच्याबरोबर राहिली, आणि त्या बेकारीतच सुगरणीच्या घरट्यांवरचा त्याचा गाजलेला अभ्यास झाला. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ निघायला 1941 साल उजाडले. बिनापगारी माणसावर इतकी वर्षे विश्वास ठेवणारे घर, हीसुद्धा एक शिष्यवृत्तीच की!

आता न सांगता पुढे जाणे बरे नव्हे, अशी एक गोष्ट. तय्यबअलींचे युरोपला गेले ते सात मुलगे. मुलींची पाळी एक पिढी उशिरा आली. 1904 साली न्यायमूर्ती बद्रुद्दीन यांनी आपल्या दोन मुलींना इंग्लंडमधल्या निवासी शाळेत पाठवले, आणि त्यावर समाजात बोलणारे कमी नव्हते. पण बॅरिस्टर बापाला आपली मुलगी वकील व्हावी असे कितीही वाटले असते, तरी हिंदुस्थानातल्या कोर्टांत स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा 1923 साली झाला. बद्रुद्दीन 1906 मध्येच लंडनला वारले होते.

गेल्या जूनमध्ये एका मुलीने फॉर्म स्वतः भरून आणला होता. ‘पुढे काय करणार’ या रकान्यात तिने ‘वकिली’ लिहिले होते. अब्बांनी तो रकाना दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि मला विचारले, ‘सर, याची परीक्षा कधी असते?’