‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ : एका आगबोटीची अंतर्रचना

समाजाची घडण जशी त्याच्या कायद्यांवरून कळते, तशीच ती त्याने बांधलेल्या वास्तूंवरूनही कळते. वाड्यात कोणी ओसरीपर्यंत यावे, कोणी माजघरापर्यंत यावे आणि कोणी अंगणातच उभे राहावे, हे उंबरठे न बोलता सांगत असतात. प्रवासी आगबोट हीही अशीच एक वास्तू होय. जागा मोजकी आणि माणसे पुष्कळ, त्यामुळे तेथील उंबरठे अधिकच काटेकोरपणे आखावे लागतात. मुंबईशी निकटचा संबंध असलेल्या एका बोटीच्या अंतर्रचनेवरून ही गोष्ट स्पष्ट होते.

पेनिन्सुलर अँड ओरिएंटल, म्हणजेच पी. अँड ओ., या ब्रिटिश कंपनीने लंडन-मुंबई मार्गासाठी ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ ही बोट बांधून घेतली. ग्लासगो येथील अलेक्झांडर स्टीफन यांच्या गोदीत ती तयार झाली. सप्टेंबर १९२८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या पत्नीच्या हस्ते तिचे जलावतरण झाले आणि फेब्रुवारी १९२९ मध्ये ती पहिल्या सफरीवर मुंबईकडे निघाली. तिचा टनभार १९,६४८ होता. वाफेच्या टर्बाइनने वीज निर्माण करावयाची आणि त्या विजेवरील मोटारींनी पंखे फिरवावयाचे, अशी तिची यंत्रयोजना होती. या योजनेमुळे यंत्रांचा आवाज व कंप कमी होत असे. प्रवासी ६७३ : पहिल्या वर्गाचे ४१५ व दुसऱ्या वर्गाचे २५८.

बोटीच्या दालनांची सजावट एल्सी मॅके यांनी योजिली होती. कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड इंचकेप यांच्या त्या कन्या. त्यांचा जन्म सिमल्याचा. नटी व वैमानिक म्हणूनही त्या प्रसिद्ध होत्या. मार्च १९२८ मध्ये विमानाने अटलांटिक ओलांडण्याच्या प्रयत्नात त्यांचा अंत झाला. आपण सजविलेली बोट पाण्यावर तरंगताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. धूम्रपानाचे दालन त्यांनी जुन्या राजवाड्यातील दिवाणखान्याच्या धर्तीवर रचिले : वर लाकडी तुळयांचे छत, भिंतींवर कुलचिन्हे आणि एका बाजूस भलीमोठी शेकोटी. संगीतदालन व भोजनगृह यांना अठराव्या शतकातील इंग्रजी घराण्यांच्या अभिरुचीचे वळण होते. तळमजल्यांपैकी एकावर पाँपेई शैलीतील पोहण्याचा हौद होता. कंपनीच्या बोटींत बंदिस्त हौद असलेली ही पहिलीच बोट.

या सजावटीत एक विसंगती तत्काळ दृष्टीस पडते. लाल समुद्राच्या उष्म्यातून जाणाऱ्या बोटीला शेकोटीचे प्रयोजन काय? पण ती शेकोटी उबेकरिता नव्हतीच. आपण समुद्रावर आहोत याचा प्रवाशाला विसर पडावा आणि एखाद्या सरदाराच्या गढीत पाहुणे म्हणून उतरल्याचा भास व्हावा, हा तिचा हेतू होता. हिंदुस्थानात अधिकारपदावर जाणारा मध्यम स्थितीतील इंग्रज मायदेशी अशा गढीत क्वचितच राहिला असेल. बोटीवर मात्र तो त्या थाटात राहू शके. राज्यकर्त्याची भूमिका वठविण्याची तालीम जणू मुंबईचा किनारा दिसण्यापूर्वीच सुरू होत असे.

हे वैभव सर्वांसाठी नव्हते. ज्या मध्यभागात हेलकावे कमी, तो पहिल्या वर्गाचा. दुसऱ्या वर्गाची दालने व डेक निराळे. तरीही या दोन वर्गांतील अंतर पैशाचे होते आणि ते पैशाने ओलांडता येत असे. तिसरा एक वर्ग होता, त्याचा उल्लेख प्रवाशांच्या संख्येत नाही. तो खलाशांचा.

पी. अँड ओ. च्या बोटींवर नोकरभरतीची एक ठरलेली पद्धत होती. डेकवरची कामे कोकण व गुजरात किनाऱ्यावरील खलाशांकडे, यंत्रघरातील कामे मुख्यतः पंजाबी व पठाण मुसलमानांकडे, आणि भोजनगृह व केबिनीतील चाकरी गोव्याच्या ख्रिस्ती माणसांकडे. वरच्या मजल्यांवर माणसाची जागा तिकीट ठरवी. खालच्या मजल्यांवर ती गाव, धर्म आणि जात यांनी ठरे. गोवेकर वाढप्याला पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात रोज प्रवेश होता. तेथील खुर्चीवर बसण्याचा अधिकार मात्र नव्हता. युरोपीय खलाशाच्या मानाने हिंदी खलाशाचे वेतन पुष्कळच कमी असे. काम नसे तेव्हा गोवेकर मुंबईत आपापल्या गावाच्या ‘कुडां’त, म्हणजे सामाईक बिऱ्हाडांत, राहत आणि पुढच्या बोटीची वाट पाहत.

शब्दांचा प्रवासही येथे उद्बोधक ठरतो. फारसीत ‘लश्कर’ म्हणजे सैन्य. तोच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत ‘लास्कर’ झाला आणि स्वस्त आशियाई खलाशाचा वाचक बनला. ‘सारंग’ हा शब्द ‘सरहंग’ या फारसी शब्दापासून आला. त्याचा मूळ अर्थ सेनानायक. बोटीवर मात्र तो खलाशांचा मुकादम झाला. शब्दांची प्रतिष्ठा माणसांच्या प्रतिष्ठेबरोबरच उतरते, याची ही ठळक उदाहरणे होत.

४ ऑक्टोबर १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले, ते याच बोटीने. त्याच सफरीत बॅरिस्टर जीनाही होते. साडेतीन वर्षांपूर्वी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह प्राशन केले होते आणि त्यासाठी त्यांच्या अनुयायांना मार खावा लागला होता. त्या तळ्याचा उंबरठा कोणत्याही किमतीच्या तिकिटाने ओलांडता येत नव्हता. बोटीवरील हौदाचा उंबरठा भाड्याचा होता. या दोहोंत भाड्याचा उंबरठा कमी क्रूर, हे मान्य केले पाहिजे. पण त्या हौदाच्या खालीच जन्मावरून वाटून दिलेली कामे चालू होती, हेही विसरता येत नाही. जी व्यवस्था बदलण्याची मागणी घेऊन डॉ. आंबेडकर लंडनला चालले होते, तिचाच एक आराखडा त्यांना वाहून नेणाऱ्या बोटीत होता.

दुसऱ्या महायुद्धात या बोटीचे सैन्यवाहू जहाज झाले. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी अल्जीरियातील ओरानजवळ जर्मन पाणबुडीने तिला बुडविले. पुढे विमानांनी समुद्रप्रवास मागे टाकला, आणि उरलेल्या प्रवासी बोटी सहलीच्या झाल्या. त्यांवरील वर्गही बहुतांशी गेले. सर्वांना सर्व दालने मोकळी, अशी जाहिरात होऊ लागली. परंतु २००४ साली सेवेत आलेल्या ‘क्वीन मेरी २’ वर महागड्या खोल्यांतील प्रवाशांसाठी स्वतंत्र भोजनगृहे आहेत. २००८ च्या ‘एम. एस. सी. फँटासिया’ वर तर ‘यॉट क्लब’ या नावाने बोटीच्या आत जणू दुसरी बोटच वसविलेली आहे. ‘पहिला वर्ग’ हा शब्द गेला, उंबरठा परत आला. समुद्र सर्वांना सारखाच दिसतो. तो कोठून पाहावयाचा, हे मात्र बोट बांधणारा आधीच ठरवून ठेवतो.